स्त्रियांचे स्वसंरक्षण प्रशिक्षण आणि स्त्रीवाद : प्रतिकाराचा हक्क की प्रतिकाराची सक्ती?

गोषवारा

शाळा-महाविद्यालयांतून मुलींसाठी स्वसंरक्षण प्रशिक्षणाची शिबिरे आता नियमितपणे घेतली जातात. अशा प्रशिक्षणास सर्वसाधारणपणे स्त्री-सक्षमीकरणाचा उपक्रम मानले जाते. तथापि स्वसंरक्षण आणि स्त्रीवाद यांचे नाते दिसते तितके सरळ नाही. महाराष्ट्रातील दोन घटनांच्या आधारे, म्हणजे १९३६ साली वर्धा येथे झालेली राष्ट्र सेविका समितीची स्थापना आणि १९७२ सालच्या मथुरा प्रकरणातून उभी राहिलेली चळवळ यांच्या आधारे, प्रस्तुत लेखात हे नाते स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. प्रशिक्षणाचा स्त्रीवादी आशय त्यातील डावपेचांवर अवलंबून नसून, स्त्रीचे शरीर कोणाचे आणि हिंसेची जबाबदारी कोणाची या दोन प्रश्नांना ते कोणते उत्तर देते यावर अवलंबून असतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

कळीचे शब्द : स्वसंरक्षण, स्त्रीवाद, संमती, खाजगी बचावाचा हक्क, महिला विकास कक्ष.

१. प्रस्तावना

दरवर्षी ३ जानेवारी किंवा ८ मार्चच्या सुमारास बहुतेक महाविद्यालयांत एक कार्यक्रम ठरलेला असतो. कराटे प्रशिक्षक येतात, मैदानावर किंवा सभागृहात दोन तास प्रात्यक्षिके होतात, मागून पकडणाऱ्या हल्लेखोराच्या तावडीतून कसे सुटावे हे दाखविले जाते, छायाचित्रे निघतात आणि महिला विकास कक्षाच्या वार्षिक अहवालात एका नोंदीची भर पडते. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर अशा उपक्रमांची संख्या वाढली. समग्र शिक्षा योजनेत 'रानी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' या नावाने शासकीय शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 'निर्भय कन्या अभियाना'तही स्वसंरक्षणाला स्थान आहे.

रोहा, पेण, सुधागड या भागांतील महाविद्यालयांना हा विषय दूरचा नाही. आपल्या विद्यार्थिनी एसटीने, रेल्वेने, मिनीडोरने येतात. शेवटची गाडी चुकली तर काय, हा प्रश्न त्यांच्या घरी रोज विचारला जातो आणि अनेकींचे शिक्षण याच प्रश्नापाशी थांबते. त्यामुळे प्रशिक्षण नको, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु प्रशिक्षण घेतलेल्या एखाद्या विद्यार्थिनीवर उद्या प्रसंग ओढवला आणि तिला हात उचलता आला नाही, तर ती स्वतःला काय म्हणेल? आपण तिला काय म्हणू? शिबिराने तिला बळ दिले की अपराधभावाचे आणखी एक कारण दिले? प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे.

२. उद्दिष्टे व पद्धती

(१) महाराष्ट्रातील स्त्रियांच्या स्वसंरक्षणविषयक विचारांतील प्रमुख प्रवाह समजून घेणे. (२) स्वसंरक्षण प्रशिक्षणावरील स्त्रीवादी आक्षेपांचा परामर्श घेणे. (३) महाविद्यालयीन उपक्रमांसाठी काही निकष सुचविणे. लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो न्यायनिर्णय, कायद्यातील तरतुदी आणि प्रकाशित संशोधन या दुय्यम साधनांवर आधारित आहे.

३. स्वसंरक्षणाचा पहिला प्रवाह : शीलाचे रक्षण

स्त्रियांना संघटितपणे शारीरिक प्रशिक्षण देण्याचे श्रेय स्त्रीवादी चळवळीकडे जात नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. लक्ष्मीबाई उर्फ मावशी केळकर यांनी २५ ऑक्टोबर १९३६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, वर्धा येथे राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. समितीच्या शाखांतून स्त्रियांना व्यायाम, लाठी आणि स्वसंरक्षणाचे शिक्षण दिले जाऊ लागले. ज्या काळात मध्यमवर्गीय स्त्रीने मैदानावर येणे हीच नवलाची गोष्ट होती, त्या काळातील हे कार्य आहे. जिजाबाई, अहिल्याबाई होळकर आणि राणी लक्ष्मीबाई हे समितीचे आदर्श अनुक्रमे मातृत्व, कर्तृत्व आणि नेतृत्व यांचे प्रतीक मानले जातात.

येथे बळ आहे, शिस्त आहे, निर्भयताही आहे. परंतु हे बळ कशासाठी? राष्ट्र, धर्म आणि कुटुंब यांच्या रक्षणासाठी. स्त्रीने सबल व्हावे, मात्र घरातील सत्तासंबंधांना हात लावू नये, अशी ही मांडणी आहे. इतिहासकार तनिका सरकार यांनी १९९१ मध्ये समितीविषयी लिहिताना नेमक्या या अंतर्विरोधाकडे लक्ष वेधले होते. बाहेरचा शत्रू ओळखण्यास शिकविणारे प्रशिक्षण घरातील हिंसेविषयी मौन पाळू शकते, हा त्याचा अर्थ.

वर्ध्याजवळच, सेवाग्राम येथे वास्तव्य असलेल्या महात्मा गांधींनी मार्च १९४२ मध्ये 'हरिजन'मध्ये याच विषयावर लिहिले. हल्ला झालेल्या स्त्रीने हिंसा-अहिंसेचा विचार करीत बसू नये, स्वतःचे रक्षण हे तिचे प्रथम कर्तव्य होय, असा त्यांचा आशय होता. अहिंसेच्या उपासकाने हे म्हणावे ही लक्षणीय बाब आहे. परंतु त्यांच्याही लेखनात शील प्राणाहून मोठे मानण्याची परंपरा कायम राहते. दोन्ही मांडण्यांची दिशा निराळी असली तरी एक गृहीतक समान आहे. स्त्रीजवळ 'अब्रू' नावाची ठेव आहे आणि ती सांभाळण्याची जबाबदारी तिची आहे. ठेव गेली तर दोष राखणदाराचा.

४. दुसरा प्रवाह : मथुरा प्रकरण आणि प्रतिकाराचा पुरावा

या गृहीतकाची किंमत किती मोठी असू शकते, हे मथुरा प्रकरणाने दाखवून दिले. २६ मार्च १९७२ रोजी, तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील (आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील) देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलीस शिपायाने बलात्कार केल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघा आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना शिक्षा सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये ती रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, अर्थात तिने प्रतिकार केल्याचा पुरावा नाही आणि म्हणून ही जबरदस्ती मानता येत नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे, हा त्या पत्राचा गाभा होता. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, गणवेशातील पुरुषांसमोर एका गरीब आदिवासी मुलीने कोणता प्रतिकार करावयाचा होता, हा प्रश्न त्यामागे होता. १९८० च्या आरंभी मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला. पुढे तोच 'नारी अत्याचार विरोधी मंच' म्हणून ओळखला गेला. ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत निदर्शने झाली. परिणामी १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती होऊन कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र गंभीर गुन्हा ठरला. अशा प्रकरणांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरण्याची तरतूद पुरावा कायद्यात आली. पुढे २०१३ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले. स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, केवळ एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही, हे कायद्यातच नमूद झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही ही तरतूद कायम आहे.

आपल्याकडील बलात्कारविरोधी स्त्रीवादी चळवळ 'स्त्रीने लढावे' या मागणीतून उभी राहिलेली नाही. 'स्त्री लढली नाही म्हणून तिला दोषी धरू नका' या मागणीतून ती उभी राहिली आहे. स्वसंरक्षण प्रशिक्षणाकडे स्त्रीवाद्यांनी काहीसे संशयाने पाहिले, त्याचे मूळ येथे आहे.

चळवळीची ही भूमिका आज शास्त्रीय संशोधनानेही पुष्ट होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका अभ्यासात, बलात्कारानंतर उपचारासाठी आलेल्या २९८ स्त्रियांपैकी ७० टक्के स्त्रियांनी त्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात गोठून गेल्याचा अनुभव सांगितला. तीव्र भीतीमुळे हातपाय न हलणे, आवाज न फुटणे ही शरीराची अनैच्छिक प्रतिक्रिया आहे. भित्रेपणा किंवा संमती यांच्याशी तिचा संबंध नाही. आपल्या शिबिरांत मात्र याचा उल्लेख क्वचितच होतो.

५. तिसरा प्रवाह : स्वतःचे शरीर स्वतःचे

मग स्वसंरक्षण प्रशिक्षण स्त्रीवादाला परकेच मानावयाचे काय? तसे नाही. शारीरिक प्रशिक्षण आणि स्त्रियांचे राजकीय हक्क यांचा संबंध जुना आहे. इंग्लंडमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांना एडिथ गॅरुड यांनी जुजुत्सूचे शिक्षण दिले. १९१३ मध्ये चळवळीच्या नेत्यांना पुन्हा होणाऱ्या अटकेपासून वाचविण्यासाठी स्त्रियांचे अंगरक्षक दल तयार झाले, त्यालाही त्यांनीच शिकविले. तेथे रक्षण शीलाचे नव्हते, हक्काचे होते. १९७२ मध्ये टोरांटो येथे सुरू झालेल्या 'वेन-डो' पद्धतीत स्त्रियांनीच स्त्रियांना शिकवावे, तंत्राबरोबर अनुभवांची चर्चा व्हावी, हे तत्त्व आले.

अमेरिकन तत्त्वज्ञ आयरिस मॅरियन यंग यांनी १९८० मध्ये एका निबंधात दाखविले की मुली चेंडू फेकताना संपूर्ण शरीर वापरीत नाहीत आणि याचे कारण स्नायूंत नसून संस्कारांत आहे. आपल्या परिसरात हे सहज पडताळून पाहता येते. डोंगरावरून लाकडाची मोळी आणणारी कातकरी स्त्री, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी कोळीण, चिखलात दिवसभर वाकून भाताची लावणी करणारी शेतकरी स्त्री यांना अबला म्हणणे हास्यास्पद आहे. मंगळागौरीची फुगडी आणि झिम्माही अंगात बळ असल्याशिवाय रात्रभर चालत नाहीत. शक्ती आहे. ती स्वतःसाठी वापरण्याची परवानगी नाही. 'हळू बोल', 'पाय जवळ घेऊन बस', 'उलट उत्तर देऊ नकोस' या सूचना लहानपणापासून ऐकलेली मुलगी शिबिरात मोठ्याने ओरडण्याचा सराव सांगितल्यावर प्रथम हसते आणि तोंडावर हात ठेवते. लाथ मारणे ती लवकर शिकते. 'नाही' हा शब्द चढ्या आवाजात उच्चारणे तिला अधिक कठीण जाते. प्रशिक्षणाचा स्त्रीवादी गाभा याच ठिकाणी आहे.

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातही शरीर आणि स्वाभिमान यांचा संबंध सांगणारा एक प्रसंग आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण करून जातीची खूण ठरणारी वेशभूषा सोडण्याचे आवाहन केले आणि अनेक स्त्रियांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. तो स्वसंरक्षणाचा वर्ग नव्हता. परंतु आपले शरीर समाजाने दिलेल्या खुणा वागविण्यासाठी नाही, ही जाणीव तेथे होती. ती जाणीव नसेल तर कराटेचा पट्टा हाही एक अलंकारच ठरतो.

६. आक्षेप आणि त्यांचा परामर्श

*६.१ जबाबदारीचे स्थलांतर.* प्रशिक्षणामुळे हिंसा रोखण्याचे ओझे पुन्हा स्त्रीवर पडते, हा पहिला आक्षेप. तो रास्त आहे. मात्र तो प्रशिक्षणाच्या भाषेवर आहे, प्रशिक्षणावर नाही. भारतीय दंड विधानाच्या कलम ९६ ते १०६ मध्ये आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी बचावास 'हक्क' म्हटले आहे. बलात्कार, अपहरण, अॅसिड हल्ला यांच्या प्रसंगी हा हक्क हल्लेखोराचा मृत्यू घडविण्यापर्यंतही विस्तारतो. हक्क वापरला नाही म्हणून हक्कधारक दोषी ठरत नाही. मतदान न केलेल्या नागरिकाच्या घरी चोरी झाली तर कोणी त्याला मतदानाचा जाब विचारीत नाही. प्रतिकाराचेही तसेच आहे.

*६.२ अनोळखी हल्लेखोराचे मिथक.* शिबिरातील हल्लेखोर नेहमी अंधारातून आणि मागून येतो. प्रत्यक्षात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांनुसार नोंदल्या गेलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित अथवा पूर्वविवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवल्याचे नमूद आहे. काका, शेजारी, शिकवणीचे सर, मित्र किंवा नवरा यांच्या बाबतीत पहिली अडचण मनगट सोडविण्याची नसते. हे चुकीचे चालले आहे असे स्वतःशी मान्य करण्याची असते.

या दृष्टीने कॅनडातील तीन विद्यापीठांत शार्लीन सेन व सहकाऱ्यांनी केलेला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उद्बोधक आहे. एकूण ८९३ विद्यार्थिनींपैकी एका गटास बारा तासांचे प्रशिक्षण व दुसऱ्यास केवळ माहितीपत्रके देण्यात आली. एका वर्षात बलात्कार घडल्याचे प्रमाण प्रशिक्षित गटात ५.२ टक्के, तर दुसऱ्या गटात ९.८ टक्के आढळले. या प्रशिक्षणातील शारीरिक भाग 'वेन-डो'वर आधारित होता. परंतु बराच वेळ ओळखीच्या पुरुषाकडून येणारा धोका ओळखणे, त्याला दुखवू नये या संकोचावर मात करणे आणि स्वतःच्या इच्छा-अनिच्छांविषयी स्पष्ट होणे यांसाठी दिला होता. म्हणजे प्रशिक्षण परिणामकारक होऊ शकते, परंतु ते आपल्या दोन तासांच्या प्रात्यक्षिकापेक्षा फार वेगळे असते.

*६.३ जात आणि वर्ग.* प्रशिक्षणात गृहीत धरलेली 'स्त्री' कोण, हा तिसरा आक्षेप आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. जमावाच्या जातीय हिंसेपुढे एकट्या स्त्रीचे डावपेच निष्प्रभ ठरतात. वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी स्त्रीने मालकाकडून उचल घेतलेली असते. तिचा हात कर्जाने बांधलेला असतो. तेथे संघटना आणि कायद्याची अंमलबजावणी हेच स्वसंरक्षण होय. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये मांडलेली दलित स्त्रीवादी भूमिका, सर्व स्त्रियांचा अनुभव एकच मानण्याच्या सवयीला आव्हान देते. स्वसंरक्षणाचा विचारही तिच्यापासून सुटू शकत नाही.

*६.४ राज्यसंस्था मागे हटली तर?* १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या कस्तुरबा नगरातील स्त्रियांच्या जमावाने, वस्तीवर दहशत बसविणाऱ्या अक्कू यादव याला जिल्हा न्यायालयाच्या आवारात ठार मारले. पुढे २०१४ मध्ये या खटल्यातील आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. पोलीस आपल्या तक्रारींची दखल घेत नाहीत, असे वस्तीतील स्त्रियांचे म्हणणे होते. शासकीय संरक्षण मिळविण्यास अवधी असेल तेथे खाजगी बचावाचा हक्क राहत नाही, असे कायदा सांगतो. पण त्यासाठी ते संरक्षण खरोखर मिळावे लागते. या घटनेचा गौरव करण्याचे कारण नाही आणि तिच्याकडे डोळेझाक करूनही चालणार नाही. स्वसंरक्षण हे न्यायव्यवस्थेला पर्याय म्हणून उभे राहिले, तर त्याचा शेवट कोठे होऊ शकतो याचा तो इशारा आहे.

७. निष्कर्ष

(१) स्वसंरक्षण प्रशिक्षण स्वभावतः स्त्रीवादी नाही. अब्रूरक्षणाच्या चौकटीतही ते तितक्याच कुशलतेने दिले जाऊ शकते.

(२) मथुरा प्रकरणानंतरच्या चळवळीने प्रतिकार आणि संमती यांची केलेली फारकत हा प्रशिक्षणाचा पाया असला पाहिजे. ज्या शिबिरात 'लढली नाहीस तरी दोष तुझा नाही' हे सांगितले जात नाही, ते शिबिर नकळत १९७८ च्या निर्णयाचीच भाषा बोलते.

(३) आपल्या शरीरावर आपला अधिकार आहे, ही जाणीव देणारे आणि ओळखीच्या माणसाकडून होणाऱ्या हिंसेबद्दल बोलणारे प्रशिक्षण स्त्रीवादी आशयाचे ठरते आणि उपलब्ध संशोधनानुसार ते परिणामकारकही असू शकते.

८. शिफारशी

(१) एकदिवसीय प्रात्यक्षिकाऐवजी सत्रभर, लहान गटांत, शक्यतो महिला प्रशिक्षकांकडून प्रशिक्षण घ्यावे.

(२) शरीर गोठून जाण्याची प्रतिक्रिया आणि संमतीविषयक कायदा यांवर किमान एक तास राखून ठेवावा.

(३) सरावातील प्रसंग ओळखीच्या व्यक्तीचे आणि विद्यार्थिनींच्या प्रत्यक्ष प्रवासातील असावेत.

(४) विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार असलेल्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची ओळख त्याच शिबिरात करून द्यावी, म्हणजे तक्रार करणे हाही स्वसंरक्षणाचा भाग आहे हे ठसेल.

(५) मुलींचे शिबिर चालू असताना मुलांना सुट्टी देऊ नये. संमती आणि पुरुषत्व यांवर त्यांच्यासाठी स्वतंत्र सत्र असावे. हिंसा थांबविण्याची जबाबदारी कोठे आहे, हे त्या दिवशीच्या वेळापत्रकावरूनच विद्यार्थ्यांच्या लक्षात यावे.

(६) शिबिरानंतर एखादी विद्यार्थिनी काही सांगण्यासाठी प्राध्यापकाकडे आली, तर 'तू काय केलेस?' हा प्रश्न प्रथम विचारू नये. तिचे म्हणणे ऐकून घेणे, ही प्राध्यापकवर्गाने स्वतः घ्यावयाच्या प्रशिक्षणाची सुरुवात ठरेल.